एका भरतीला दोन जाळी

माझा जन्म बाळकुमचा, खाडीवरचा. आम्ही कोळी, बापूस होडी घेऊन जायचा, आणि मी तिसरीत शाळा सोडली ती मास्तरांनी मारलं म्हणून नाय, माझ्या मर्जीनं सोडली, हे तसंच लिहा. पुढं खाडीत मासळी कमी झाली, मी वागळे इस्टेटला कंपनीत लागलो, कंपनी बंद पडली, मग खोपटजवळ एका शाळेत शिपाई झालो. घंटा माझ्या हातात होती तोवर मिनिटभर पुढं-मागं झाली नाय. हेडसर त्यांचं घड्याळ माझ्या घंटेवर लावायचे. माझी पोरगी सुगंधा त्याच शाळेत, आणि शिपायाची पोर म्हणून तिला नाव ठेवायची कोणाची टाप नव्हती.

तर काय सांगू तुम्हाला ताई, नव्वदनंतरची गोष्ट, सुगंधा नववी ब मधे होती. मुंबईच्या कॉलेजातनं एक बाई यायला लागल्या, खांद्याला झोळी, अंगानं अशा की फुंकर मारली तर उडतील. दर शनिवारी नववीच्या पोरापोरींना एक तास शिकवायच्या. काय शिकवायच्या, तर मैत्री कशी करायची, पोरगी नको म्हणाली तर पोरानं काय करायचं, आणि पोरगा मनगट पिळतो, ह्याच्याशी बोलू नको त्याच्याशी बोलू नको करतो, थोबाडीत देतो, तर ते प्रेम का. मी दाराबाहेर स्टुलावर बसून ऐकायचो आणि मनात म्हणायचो, हे काय शाळेत शिकवायचं? आम्ही कुठं शिकलेलो? यमुनेला, म्हणजे माझ्या बायकोला, मी पण दोन ठेवून दिलेल्या, एकदा नाय, पुष्कळदा, आणि संसार झालाच ना. तेव्हा मी असाच होतो, खोटं कशाला सांगू.

बाईंनी शिकवायच्या आधी एक कागद भरून घेतलेला, बिननावाचा, पन्नास बारीक बारीक प्रश्न, अ आणि ब दोन्ही वर्गांकडनं. पण शिकवलं फक्त अ ला. मला राग आला. म्हटलं बाई, ब च्या पोरांनी काय घोडं मारलंय? बाई म्हणाल्या, काका, ब ला पुढच्या वर्षी शिकवणार, शब्द देते. पण आता दोघांनाही शिकवलं तर पोरं माझ्यामुळं बदलली का नुसती वयानं शहाणी झाली, कसं कळणार? मला ते पटलं. कारण माझा बापूस नवीन आसाचं, म्हणजे वेगळ्या मापाच्या भोकांचं, जाळं विणलं की जुनं पण शेजारी सोडायचा, एकाच भरतीला. नाहीतर मासळी जाळ्यानं आली का पाण्यानं, कोण सांगणार? ही मुंबईची बाई, आयुष्यात बोंबील साफ केला नसेल, आणि बापसाचीच गोष्ट बोलत होती. तेव्हापासून मी तिला मानायला लागलो, पण तोंडानं म्हटलं नाय.

आता माझी चूक ऐका. शिकवणं संपलं, परत तोच कागद दोन्ही वर्गांनी भरायचा होता. दोन्ही वर्गांच्या वेळेला हेडसरांनी बाईंना चहाला बोलावलं, आणि कागद वाटायला कोण, तर मी. मला वाटलं ही तपासणी हाय, जसे साहेब येतात, भिंतींना चुना लागतो, तशी. मी दारात उभा राहिलो आणि पोरांना सांगितलं, ए, सगळं चांगलं चांगलं लिहायचं, मारामारी बिरामारी आपल्याकडं कायपण नाय, शाळेचं नाक कापाल तर याद राखा. अ मधे सांगितलं, ब मधे पण सांगितलं. सुगंधा पहिल्या बाकावर होती. मान खाली घालून लिहीत होती, मला बरं वाटलं.

दोन दिवसांनी बाई आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहून हसायलाच लागल्या. काका, अ सुधारला, ठीक. पण ब ला मी काहीच शिकवलं नाही, तो तर अ पेक्षा जास्त सुधारला. आता सांगा, माझी गरज काय? मी म्हटलं मला काय ठाऊक, मी अडाणी माणूस. त्यांनी विचारलं, कागद वाटताना पोरांना काही सांगितलंत का? मग मी सांगितलं. वाटलं आता हेडसरांकडं नेतील. नेलं पण, आणि काय बोलल्या? सर, दुसऱ्या वेळचे कागद बाद, मी वर्ग सोडून चहाला गेले ही माझी चूक. माझं नाव नाय घेतलं! हेडसर म्हणाले, अहो बाई, आकडे किती छान आलेत, द्या पाठवून, तुमचंही नाव होईल. बाई म्हणाल्या, सर, मला छान नको, खरं पाहिजे, माझं शिकवणं फुकट गेलं असेल तर तेही पाहिजे. सुतळीनं गठ्ठा बांधला, वर 'बाद' लिहिलं.

ताई, मी उभ्या जन्मात असं माणूस बघितलं नाय. मी चूक कबूल करायच्या आधी चार दिवस जेवत नाय असा माणूस, आणि ही स्वतःचीच चूक शोधत फिरते.

म्हटलं त्या कागदात हाय तरी काय? एक कोरा मागून घरी नेला. बारीक अक्षर मला दिसत नाय, सुगंधा वाचायला बसली, यमुना बाजूला मांदेली साफ करत होती. मी ऐटीत उत्तरं देत होतो. एक प्रश्न आला, आपलं माणूस रागात हात उगारतं, कारण त्याचं आपल्यावर प्रेम असतं, बरोबर का चूक? मी म्हटलं बरोबर, लिही, परक्यावर कोण रागावतं?

पोरीनं लिहिलं नाय. बाही वर केली. मनगटाच्या वर निळं झालेलं, चार बोटं दिसत होती. म्हणाली, बाबा, तोपण हेच म्हणतो. दहावीतला पोरगा होता, बाकी मी तुम्हाला काही सांगत नाय. म्हणाली, त्या दिवशी मी खरं लिहिणार होते, पण तुम्ही दारात उभे होता.

मी कोयता शोधायला उठलो. यमुना विळीवरनं उठली पण नाय. म्हणाली, जा, मारा त्याला, तो हे असंच कोणाच्या तरी घरात शिकला असेल, तुम्ही अजून शिकवा.

मी खाली बसलो. ती मला बोलली का त्या पोराला, मी विचारलं नाय. मला कळलेलं.

दुसऱ्या दिवशी घंटा व्हायच्या आधी बाईंना गाठलं. त्यांनी त्या पोराला, त्याच्या आयशीला समोर बसवलं, पुढं बरेच दिवस त्याच्याशी बोलत होत्या. पोरीची शाळा मी सोडवली नाय, आणि त्यानं परत हात लावला नाय. कागद पुन्हा भरले तेव्हा बाई वर्गातनं हलल्या नाय, आणि मी आपणहून गेटच्या बाहेर जाऊन उभा राहिलो. ब ला पण पुढच्या वर्षी शिकवलं. शब्द पाळला.

शेवटी मी विचारलं, बाई, जाळ्यात काय आलं? म्हणाल्या, थोडंसंच, काका. पोरं सांगायला शिकली, हात थांबायला अजून वेळ लागेल. एवढी वणवण, आणि थोडंसं म्हणताना आवाज पण पडला नाय.

मी म्हटलं, माझा पण कागद घ्या, परत भरतो. म्हणाल्या, भरा, पण मोजता येणार नाही, तुम्ही विद्यार्थी नाही. मला लागलं ते. पण घरी नेऊन भरला. गेल्या सहा महिन्यांत हात उचलला का, असा प्रश्न होता. मी नाय म्हणणार तेवढ्यात यमुनेनं पेन घेतलं, म्हणाली, ह्याचं उत्तर तुमच्याकडं नसतं. तिला लिहिता येत नव्हतं. सुगंधाला विचारलं, नाय ची चौकट कुठली? बोट ठेवून दाखवली तशी तिथं हळदीच्या हातानं फुली मारली, कागदाला डाग पडला.

आता सुगंधा कल्याणला असते, संसारात सुखी हाय, तिचं चांगलं होवो, त्या बाईंचंही, जिथं असतील तिथं. यमुना गेली. बाईंच्या मोजणीत मी नाय, आणि ते बरोबरच हाय. पण ती फुली यमुनेनं मारलेली, आणि यमुना मला बरं वाटावं म्हणून कधी काही करायची नाय.