सील क्रमांक ५८ शी कोण बोलले

नाव रेन्स्के वीर्स्मा, वय ६३ वर्षे, धंदा शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त, सध्या सील या समुद्री प्राण्याच्या बचाव केंद्रात बिनपगारी काम, राहणार बंधाऱ्यालगतचे शेवटचे घर, नोर्डरवील, फ्रीसलंड, नेदरलँड्स.

मी समक्ष हजर राहून सांगते की, केंद्राची गाडी व सील क्रमांक ५८ आज सकाळी चोरीस गेल्याच्या तक्रारीवरून मला साक्षीदार म्हणून बोलावले आहे.

मी या केंद्रात एकोणीस वर्षे आजारी व पोरक्या सीलना मासे भरवते. केंद्राचा एक नियम फार कडक आहे. सीलजवळ कोणी बोलायचे नाही. माणसाच्या आवाजाला सरावलेले सील समुद्रात सोडत नाहीत, त्याला जन्मभर प्राणिसंग्रहालयात ठेवतात.

क्रमांक ५८ हे पिल्लू चार जून रोजी मला वाळूच्या पट्ट्यावर सापडले. ज्याला सापडते तो नाव ठेवतो. मी डाउवे ठेवले. डाउवे हे माझ्या मयत पतीचे नाव.

पिल्लू अकरा दिवस माझ्या हातचे खाईना, नळीने पाजावे लागले. बाराव्या दिवशी इनेशने मासा पुढे धरला आणि त्याने तो गिळला. इनेश, वय २४, ही पोर्तुगालहून चार महिने मदतीला आलेली. केंद्रप्रमुख यारिग सर्वांसमोर म्हणाला, "रेन्स्के, शीक जरा हिच्याकडून." सगळे हसले, मीही हसले. कॉफीबरोबर एकाला एक बिस्किट अशी आमच्याकडे रीत आहे. त्या दिवशी यारिगने इनेशपुढे डबा दुसऱ्यांदा धरला. माझ्यापुढे एकोणीस वर्षांत धरलेला नाही.

माझे पती शेवटच्या दुखण्यात माझ्या हातचे खात नसत, घरी येणाऱ्या तरुण नर्सच्या हातचे खात. याचा या प्रकरणाशी संबंध नाही, बोलण्याच्या ओघात आले.

तेव्हापासून ती पोरगी माझ्या डोळ्यांत खुपू लागली. मासे कापताना ती गुणगुणते. पण ते स्वयंपाकघरात, तिथून सीलच्या तलावापर्यंत आवाज जात नाही.

सोडण्याआधी चाचणी असते. माणूस काठाशी उभा राहिला की सीलने लांब पळायला हवे. बारा सप्टेंबरला ५८ पळाले नाही, उलट जवळ आले. कोणीतरी त्याच्याशी बोलत होते हे उघड झाले. मी यारिगला लेखी दिले की इनेश त्याला गाणी म्हणून दाखवते व हे मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. इनेश नाही म्हणाली. तिला त्याच दिवशी कामावरून काढले. ५८ ला आज दुपारी प्राणिसंग्रहालयात न्यायचे ठरले होते.

आज सकाळी पावणेसातच्या सुमारास मी सायकलवरून केंद्राकडे निघाले असता केंद्राची गाडी बंधाऱ्याखाली उभी दिसली. इनेशने सीलची पेटी वाळूवर ओढत नेऊन झडप उघडली होती. सील बाहेर आले, पण पाण्याकडे वळेना. मी खाली उतरून ओरडले, "हे काय चालवलंयस?" त्यासरशी ते इनेशला वळसा घालून सरपटत माझ्याकडे आले आणि माझ्या बुटावर नाक टेकून पडून राहिले.

इनेश चिडली नाही. एवढेच म्हणाली, "रेन्स्के, ते माझ्याकडे बघतसुद्धा नाहीये."

तरी सांगते की, ५८ शी मी बोलत होते. रोज सकाळी सात ते साडेसात, बाकीचे यायच्या आत, पहिल्या दिवसापासून. काय बोलत होते ते लिहून घेऊ नये. इनेशविरुद्ध मी लेखी दिले ते खोटे आहे. त्याने तिच्या हातचे खाल्ले याचा मला हेवा वाटला, दुसरे कारण नाही.

त्यानंतर मी कंबरेइतक्या पाण्यात गेले. सील मागोमाग आले व माझ्याभोवती फिरत राहिले. मी तोंड मिटून उभी होते. पाऊण तासाने ते वाळूच्या बेटाकडे निघून गेले. परत येईल की नाही सांगता येत नाही.

इनेश बाहेर बाकावर बसली आहे. माझे कपडे ओले असल्याने अंगावर तिचा कोट आहे, तो परत द्यायचा आहे.

हा जबाब मला वाचून दाखवला, मी सांगितला तसाच तो लिहिला आहे व खरा आहे. तोच बाहेर तिलाही मोठ्याने वाचून दाखवावा. तिच्यासमोर हे माझ्या तोंडून निघणार नाही.