विहारातला नवा ॲम्प्लिफायर

भोकरदनला राधेश्याम मिस्त्रींच्या दुकानात मी दुरुस्तीला दिलेला रेडिओ घ्यायला थांबलो होतो. शेजारी उभ्या बेबीनंदाबाईंनी त्यांच्या गावच्या बुद्धविहारातला नवा ॲम्प्लिफायर टेबलावर ठेवला. त्यांचे यजमान, सर्जेरावकाका, चहा आणायला गेले होते.

“भाऊ, हे मधीच आपोआप बंद कामून पडतं?”

“ते तसंच बनवलंय, मावशी. आवाज आला की चालू, आवाज थांबला की थोड्या वेळानं बंद. लाईट वाचते.”

“पण आमचे हे थांबतच न्हाईत. वंदना म्हणूनच राह्यले असतात.”

“दुसऱ्या कोणी म्हणून पाह्यलं का?”

“नातीनं म्हटली. तव्हा न्हाई पडलं बंद.”

“काकांचा आवाज बारीक झालाय का?”

“दिवाळीत गळ्याचं आप्रेशन झाल्तं.”

“तेच मंग. इतका बारीक आवाज मशीनला कळत न्हाई. त्याला वाटतं, कोणीच बोलून न्हाई राह्यलं.”

“माणूस समोर बसून बोलतो, अन् त्याला वाटतं कोणीच न्हाई?”

“हौ. मागं हा स्क्रू आहे. जरा फिरवला की बारीक आवाजही पकडंल.”

“म्हणजे बिघाड न्हाई?”

“बिलकुल न्हाई.”

“ह्यांना मात्र बिघाडच होता असं सांगा. तीस वर्षं वंदना हेच घेतात. आता म्हणतात, माईक नातीला द्या.”

राधेश्यामनी मागचा स्क्रू फिरवला. तेवढ्यात सर्जेरावकाका चहा घेऊन आले.

“काय निघालं, राधेश्याम?”

“आतला एक पार्ट गेल्ता, काका. बदलला.”

“असं का? मंग पौर्णिमेला मीच घेतो वंदना.”