बाबांचे वकील

वकिलांच्या बाहेरच्या खोलीत शिंपीणबाई दुकानाच्या भाडेकराराचं विचारायला बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर एक गृहस्थ होते. तेवढ्यात दार लोटून एक बाई आत आल्या आणि त्या गृहस्थांना बघून जागीच थबकल्या.

"दादा, तू इथे?"

"तू कशाला आलीस?"

"बाबांचं घर तुला एकट्याला विकता येतं का, ते विचारायला."

"मी पण तेच विचारायला आलोय."

"अरे, पण हे बाबांचे वकील. मला दुसरं कुणी माहीतच नाही."

"मला तरी कुठे माहीत आहे?"

कारकुनाने मान वर न करता सांगितलं, "भांडण एकमेकांशीच असेल, तर साहेब दोघांपैकी एकाचंच काम घेतील. शिंपीणबाई, तुमचा नंबर आला."

"यांचं होऊ द्या आधी, मला काही घाई नाही," म्हणत शिंपीणबाई आणखी जवळ सरकून बसल्या.

"मग हे वकील तूच ठेव, दादा. नवीन माणसापुढे तुझी बोबडी वळते."

"आणि तू?"

"बघेन कुणीतरी."

"कुणीतरी नको. तुला कुणीही गुंडाळेल. वरच्या मजल्यावर एक वकीलबाई आहेत, त्यांच्याकडे जा. फार कडक आहेत म्हणे."

"तुलाच घाम फोडतील."

"फोडू देत. घर मी विकणारच."

"मी विकू देणार नाही."

"बरं. चल, वरपर्यंत येतो. जिन्यात दिवा नाही."