खाणीतल्या दिव्यांची जाळी

माझं नाव सोनाबाई, माहेर चाकणच्या अलीकडं, चार घरांची वस्ती. काय सांगू ताई तुम्हाला, मला लहानपणापासून लांबचं दिसत न्हाई. बांधावरचा माणूस आमचा का परका ते कळायचं न्हाई, एकदा आमची म्हणून दुसऱ्याचीच म्हैस हाकत घरी आणली, सारी वस्ती हसली. मग लग्नाचं बघाय लागले तर दोन जागी नकार, पोरगी आंधळी हाय म्हणून. आई चुलीपुढं बसून रडायची, मला ऐकू यायचं. चष्म्याचं नाव कोण काढणार, पोरीच्या डोळ्यावर चष्मा म्हंजे खोट उघडच झाली की.

तवा मावशीनं मला चिंचवडाला आणलं. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्सं झाली असतील. चिंचवड म्हंजे तवा टेशन, देऊळ, नदी, आन् बाकी सगळं बाजरीचं रान. कारखाने आत्ता कुठं यायला लागलेले. टेशनाजवळ एका शेठची पत्र्याची शेड व्हती, तिथं कोळशाच्या खाणीतले दिवे दुरुस्तीला यायचे. पितळेचे, वीतभर उंच, ज्योतीभवती जाड काच, आन् काचेच्या वर बारीक तारेची जाळी, टोपीसारखी. मावशी काचा पुसायची, मी बी पुसाय लागले.

एक दिवस जाळी धुताना मी मिस्त्रीला म्हणलं, मामा, हिची एक तार तुटलीय. बाबूराव मिस्त्री, लई शांत माणूस, म्हणाले कुठं गं. दाखवलं तरी त्यांना दिसंना. भिंग आणलं तवा दिसली. लांबचं दिसत नसलं तरी नाकाशी धरलेलं मला केसाएवढं बी दिसायचं, ते मला बी तवाच कळलं बघा. मिस्त्री म्हणाले, पोरी, उद्यापासून काचा बास, खिडकीशी बसायचं आन् जाळ्या बघायच्या. तवापासून मी पास केलेल्या दिव्याला मीच लाल दोरा बांधायचे, दोरा असल्याबिगर दिवा पेटीत भरायचा न्हाई.

पण जाळी असते कशाला, ते मला ठावं नव्हतं. ते सांगितलं देवाजीनं. हा देवाजी चांद्याकडच्या, आताच्या चंद्रपूरकडच्या, खाणीतला, तिथल्या बत्तीघरात कामाला, दिवे सांभाळायचा, दिव्यांबरोबर गाडीनं यायचा. तो म्हणाला, बाई, खाणीत वायू येते, त्याले वास नाही, रंग नाही. म्हणून ज्योत बारीक करायची आन् दिवा वर छताजवळ न्यायचा. ज्योतीवर निळी टोपी दिसली का समजायचं वायू हाय, सगळ्यांनी माघारी फिरायचं. आन् जाळी धड असली तर ज्योत बाहेर येत नाही. नसली तर मंग त्या दिव्यानंच खाण पेटते. हे ऐकलं आन् मी पास केलेल्या जाळ्या बी परत एकदा खिडकीला धरून बघितल्या.

आन् त्याच खेपेला ते घडलं. माल संध्याकाळच्या गाडीनं जायचा, शेठ घाईत. शेवटचा दिवा मिस्त्रींनी सोता तपासून ठेवलेला. मी जाळी खिडकीला धरली, शिवणीपाशी दोन तारा सुटलेल्या. मी म्हणलं, ह्याला दोरा न्हाई बांधत. मिस्त्रींनी भिंग लावलं, म्हणाले मला तर धड दिसतीय. शेठ कडाडला, मिस्त्रीपेक्षा शानी झालीस व्हय, बांध दोरा, न्हाईतर उद्यापासून येऊ नको. मावशी पदर ओढाय लागली, अगं बांध की. मला रडू आलं, ताई, वस्तीवर परत जायचं म्हंजे काय ते मलाच ठावं. पण हात दोऱ्याला जाईना.

तवा देवाजी पुढं झाला, म्हणाला, शेठजी, तपासणीच्या पेटीत लावून पाहू. आमच्याकडं त्यासाठी एक पत्र्याची पेटी व्हती, काच बसवलेली, पेट्रोल जातं म्हणून शेठ कधीमधीच काढू द्यायचा, तिच्यात पेट्रोलची वाफ सोडायची आन् पेटता दिवा ठेवायचा. दिवा धड असला तर ज्योत आतल्या आत फुगून विझायची, पेटीला काय बी व्हायचं न्हाई. हा दिवा ठेवला, सगळे मागं सरलो. एवढ्यात धाडकन झाकण उडालं, पार छपराला लागलं.

मिस्त्रींनी माझ्यापुढं हात जोडले, मी म्हणलं मामा असं नका करू, तर ते पोरासारखे रडाय लागले. शेठनं माफी न्हाई मागितली, पण दुसऱ्या दिवशी माझी खिडकी दुप्पट मोठी करून दिली.

देवाजीनं तो दिवा उचलला, बुडाचा नंबर वाचून म्हणाला, हा सतरा नंबर, आमच्या गोविंदाचा. त्याले दोन पोरी हायेत. तोवर माझ्यासाठी नुसते नंबर व्हते बघा. मग मी त्याला दर खेपेला नावं इचारायचे, हा कुणाचा, तो कुणाचा, आन् नाव घेऊन दोरा बांधायचे. पुढं लेथवर काम करणारा नवरा मिळाला, त्याला मी जशी हाय तशी चालले. लग्नानंतर बी सहा वर्सं मी तिथं बसले. देवाजी येत व्हता तोवर दर खेपेला सांगायचा, सगळे सुखरूप हायेत, बाई. एवढं ऐकलं की माझा दिवस गोड व्हायचा.

आता शेड न्हाई, मिस्त्री न्हाईत, देवाजी बी गेला असल. देवानं मला लई दिलं, ताई, तक्रार करायला जागाच ठेवली न्हाई. नातू चाकणला कंपनीत हाय, शिफ्टला जाताना पाया पडतो. मी म्हणते, नीट जा, नीट ये. तुमच्या घरचं बी कुणी कामाला जात असल, त्यांना बी म्हणते, नीट जा बाबांनो, नीट या.