पहिल्या पानाचा सूर

समारंभाच्या अध्यक्षा सन्माननीय सुवर्णाताई, मंचावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती कय्यूमचाचा, शेजारी बसलेल्या गौसियाचाची आणि समस्त चिखलीकर बंधुभगिनींनो,

मी समता. पोलीस बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते. फुंकताना लागत नाही एवढी धाप आज बोलताना लागली आहे, आधीच सांगते.

ट्रम्पेट मी चाचांकडे शिकले. त्यांची ती शिकवणीची वही आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहे? पहिल्या पानावर एकच सूर. हळू सुरू करायचा, वाढवायचा, पुन्हा हळू मिटवायचा. दुसऱ्या पानावर कळ न दाबता, नुसत्या ओठांनी दोन सूर. गाणं थेट विसाव्या पानावर! मी दोन महिने पहिल्याच पानावर. चिडले, तर चाचा म्हणाले, "गाणं कुठी पळून जाऊन राह्यलं काय, बेटा? ओठ पक्के होऊ दे."

पण ऐकते कोण? चोरून गाणं बसवलं. जयंतीच्या मिरवणुकीत मला मागच्या रांगेत ट्रम्पेट धरून नुसतं चालायचं होतं. मी खुशाल वाजवायला लागले. पहिल्या चौकात टाळ्या. तिसऱ्या चौकात ओठ सुजले आणि ट्रम्पेटमधून नुसती हवा! नाचणारे थांबले. चाचांनी एका शब्दाने न रागावता माझं गाणं पुढे उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच चाचांनी दिलेला ट्रम्पेट परत करायला गेले. त्यांच्या सरावाच्या खोलीतून पहिल्या पानाचा सूर येत होता. वाटलं, माझ्या जागी दुसरं कुणी आलं. डोकावले, तर चाचा! समोर तीच वही. चाळीस वर्षं बँड गाजवलेला माणूस पहिल्या पानावर!

"चाचा, तुम्ही काऊन पहिल्या पानावर?"

"ओठाले कालचं आठवत नाही, बेटा. त्याले रोज नव्यानं सांगा लागते."

ट्रम्पेट परत केलाच नाही. पुढे पोलीस बँडच्या निवडीत साहेबांनी गाणं ऐकलंच नाही. म्हणाले, एक सूर धरून दाखवा. मी धरला. आज अंगावर वर्दी आहे ती त्या एका सुराची.

आता चाचांचे पुढचे दात गेले. कवळीवर सूर धरता येत नाही, म्हणून हा निरोप. पण चाचा, उद्या सकाळी सहाला मी खोलीवर येते. पहिलं पान मी वाजवते, तुम्ही ऐका.

संयोजकांनी बोलू दिलं, त्यांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभागृहाने मोठ्या मनाने सांभाळून घ्यावं. चाचा, तुम्ही मात्र सांभाळून घेऊ नका. मला पहिल्या पानावर पाठवा.