घाटावर सुटलेली शपथ

...नाही, विश्वास ठेवायचा तरी कुणावर, तुम्हीच सांगा ना. नवऱ्यावर? ठेवला. सासूवर? तिच्यावर तर डोळे मिटून. मी बी.ए. आहे हो, मानसशास्त्र घेऊन, पण दाराची कडी वाजली तरी दचकते, आणि नवरा कोण, तर चोपड्याहून औरंगाबादला केळी नेणारा ट्रक ड्रायव्हर! कुणीतरी सांगितलं, उतारावर डिझेल वाचवायला हे लोक गाडी न्यूट्रल करतात, मग ती नुसत्या ब्रेकवर घरंगळत येते... मी जेवणच सोडलं. तेव्हा ह्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, "तुझी शपथ, गिअर काढणार नाही." आणि मी विश्वास ठेवला.

दर खेपेला सासूबाई पिशवीत नारळ घालायच्या. "घाटावरच्या देवाला गं." मी विश्वास ठेवला. इतका, की नारळ मीच आणायची, कानाशी हलवून, पाणी वाजतंय ना बघून.

दिवाळीनंतर तुम्हाला सांगते, औरंगाबादच्या भावाकडून परतताना ह्यांच्याच केबिनमध्ये बसले. गाडीत परतीचा माल गच्च. कन्नड घाटाच्या माथ्यावर ह्यांनी नारळ फोडला, खोबरं मला दिलं, आणि उतार लागला तसा खट्... गिअर बाहेर.

"अहो, शपथ?"

"सुटली की."

"कधी?"

"नारळ फोडला की घरच्या शपथा सुटतात. खोबरं खाल्लंस ना?"

म्हणजे बघा, शपथ माझी, नारळ मी निवडलेला, आणि प्रसादही मीच खाऊन बसलेली! पुढे ब्रेक तापले, जळका वास, हे पाय दाबतायत, गाडी ऐकेना... शेवटी डोंगराच्या अंगाला घासत घासत थांबवली. स्टेअरिंगच्या हिसक्यानं ह्यांचं मनगट मोडलं. दुसऱ्या अंगाला दरी होती. ती मला अजून ताटात दिसते.

घरी सासूबाईंना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं?

"बठ्ठा डायवर तसंच करतस, माय, सगळेच. तुझे सासरेही शपथ घ्यायचे."

"आणि तुम्ही विश्वास ठेवायच्या?"

"छे गं. ते निघाले, की मी झोपून जायची."

परवा प्लास्टर निघालं. आज सकाळी ह्यांनी तोच हात पुन्हा माझ्या डोक्यावर ठेवला, गाडी गेली... आत आले, तर सासूबाईंनी आपल्या शेजारी माझीही गोधडी घातलेली.