शेवटच्या गाण्यातला टक

— न्हाई न्हाई, सीडी खराब न्हाई. बसा तर खरं, तातेराव भाऊ, परतूरहून उन्हाचं आलात. शेवटच्या गाण्यात मधीच टक वाजतंय — बराबर हाय. तुमच्या मशीनचा दोष न्हाई, विहारातल्या स्पीकरचाबी न्हाई. आमाला ठाऊक हाय ते. मास्तरांनी ठिवलंय तसं. हां, पडल्या आठ्या कपाळाला! मास्तर आतल्या खोलीत हायेत, बाहेर येणार न्हाईत, तव्हा मलाच सांगावं लागल. तेवढी ही बाही जोडू द्या — हात चालू ठिवून बोलते, चालल ना?

तुमी सगळे देवानंद मास्तर म्हणता, मीबी मास्तरच म्हणते, नवऱ्याचं नाव घ्यायची सवय न्हाई. स्टेशनाकडं कॉम्प्युटरचा क्लास घ्यायचे, पर जीव सगळा गाण्यात. अन् आत्याबाईंचा — माझ्या सासूबाईंचा, केशरबाईंचा — आवाज तर तुमच्या परतूरातच घडला. जिनिंगला कामाला होत्या त्या. सरकी उचलून गेली की रिकाम्या गोदामात चार बाया घेऊन भीमगीतं म्हणायच्या. आवाज वर पत्र्याला जायचा अन् सावकाश खाली उतरायचा, असं मास्तर सांगतात. लहानपणी तिथंच पोत्यावर झोपायचे ते. मंग ही गाणी आत्याबाईंकडून या खोलीत, खिडकीला गोधड्या लावून, कॉम्प्युटरवर घेतली, तव्हा त्यांना तो गोदामातला घुमार पाह्यजेत होता. रिव्हर्ब म्हणतात त्याला. तयार मिळतो की, पर डब्यात तोंड घालून बोलल्यावानी वाटतो म्हणले. म्हणून स्वतःच प्रोग्राम लिहाय बसले — कडव्याला घुमार लहान, धृपदाला मोठा, गोदामाची दारं उघडल्यावानी. अन् गाणी घेऊन झाली न झाली, तर आत्याबाईंना लकवा मारला. एक अंग गेलं, वाचा गेली. पुन्यांदा गाऊन घ्यायचं काम संपलं, भाऊ. कॉम्प्युटरमधी जे होतं, तेवढंच.

अन् प्रोग्राम चालवला की — टक. कुठं दोन, कुठं चार. चुलीत मीठ पडल्यावानी. पहिल्यांदा वायरीवर संशय — वायरी बदलल्या. मंग फ्रिज चालू झाला की टक होतो म्हणले — फ्रिज बंद, दूध नासलं. मंग माझ्या या शिलाई मशीनच्या मोटरवर. मी मोटर काढून पायानं शिवलं, पाय सुजले, टक तिथल्या तिथं. मंग म्हणले कॉम्प्युटर दमून राह्यला, आवाज पुढं ढकलायला त्याला उसंत पुरत न्हाई — ती उसंत वाढवून दिली. थोडे कमी झाले. पर धृपदाच्या तोंडाशी एक अन् कडव्याच्या तोंडाशी एक, हटकून. शेवटी त्यांनी आत्याबाईंचा आवाजच बंद केला अन् नुसता घुमार ऐकत बसले. नुसता घुमार, भाऊ! मानूस न्हाई, त्याच्या मागचं तेवढं. मी भाकरी थापून राह्यल्ते, मला कसंतरीच झालं. पर त्यातच सापडलं. घुमार लहानाचा मोठा ते एका दमात करून राह्यले होते — चालता आवाज मधीच तुटायचा, तुटलेली टोकं एकमेकाला मिळायची न्हाईत, तोच टक. मला म्हणले, तुझ्या फुलाच्या कापडावानी, शिवणीवर अर्धं फूल इकडं अन् अर्धं तिकडं. मंग दोन घुमार केले. एक विरत न्यायचा, दुसरा त्याच्याखालून चढवत आणायचा. गेले टक! पोरावानी हसले मास्तर.

अन् हे सगळं चाललं तव्हा आत्याबाई कुठं? आत, खाटेवर. त्यांचं धुणं-पुसणं, कूस बदलणं, पेज पाजणं — मी. मास्तर दारात यायचे, "आई, बरं हाय ना?" म्हणायचे, अन् परत हेडफोन कानाला. आई बोलत न्हाई हे बघवायचं न्हाई त्यांना. कॉम्प्युटरमधली बोलायची ना. त्यांनी आईचा हात धरला न्हव्हता तोवर — हे तुमाला कशाला सांगून राह्यले मी. चहा घ्या, निवला.

तर शेवटच्या गाण्यात एक राह्यला. घुमार पार बंद केला, तरी टक. म्हंजे मूळ आवाजातच हाय. मंग माइकवर खापर फोडलं, पुसूनच टाकतो म्हणले, अन् मला ऐकवायला स्पीकरवर लावलं. मी म्हणलं थांबा. ह्यो मला दिवसभर ऐकू येतो. आत्याबाईंना शब्द फुटत न्हाई, पर जीभ टाळूला लावून टक करतात. पाणी पाह्यजे — टक. ऊन डोळ्यावर आलं — टक. मी हातातलं टाकून जाते. मास्तरांना कुठून ठाऊक? मास्तर पांढरेफटक पडले. म्हणले, आई दादांना असाच इशारा करायची. दादा म्हंजे माझे सासरे, भिवा ढोलकीवाले, तुमी ऐकलेत त्यांना. ओळ संपली की आत्याबाई टक करायच्या अन् ढोलकी उठायची. अन् हे गाणं घेतलं तव्हा मामंजी जाऊन कैक वर्षं झाल्ती. खोलीत ढोलकी न्हव्हतीच. तरी इशारा केला, अन् थांबल्यात त्या. घरी जाऊन ऐका परत. वाट पाह्यल्यावानी थांबल्यात.

मास्तर उठून आत गेले. मी मागं. आत्याबाईंनी टक केलं. "पाणी, आई?" न्हाई. "उशी देऊ?" न्हाई. मंग मास्तरांनी खाटेच्या लाकडावर बोटांनी ठेका धरला — कच्चाच, त्यांना ढोलकी येत न्हाई — अन् आत्याबाईंची मान डोलाय लागली, जेवढी हलते तेवढी. मी बाहेर आले. लकवा झाल्यापासून पहिल्यांदा मला तिथं काही काम न्हव्हतं. अन् मला राग आला, भाऊ. खोटं कशाला बोलू? एवढे दिवस त्या टकला मी धावले, अन् मान डोलली ती कोणासाठी.

जाऊ द्या. मंग गाण्यात एवढंच केलं — त्या जागी घुमार सावकाश उतरवला, टक कोरडा ठिवला, घुमार परत चढवला. ढोलकी भरली न्हाई, जागा रिकामीच. त्या दिवसापासून कॉम्प्युटरवर चादर हाय. क्लासबी सोडला. घर या शिलाईवर चाललंय. मी काही म्हणत न्हाई. आता तुमच्या मंडळाला साफ गाणं पाह्यजेत असल तर जालन्यात कोणीबी पुसून देईल, जा घेऊन. इथं न्हाई व्हायचं.

न्हाई, त्यांना हाक नका मारू. आईला भरवून राह्यलेत. माझ्या हातून झटपट खायच्या त्या. त्यांच्या हातून एकेक घास गालात धरून बसतात, संपूच देत न्हाईत. बघू नका तिकडं. निघा आता, गाडी जाईल तुमची. जयभीम.